एक गाणं, तीन गळे

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. योएन्सू

आज घटस्थापना. मिरजेत आईनं पत्रावळीवर माती पसरून घट बसवला असेल. मी इथे स्टीलच्या वाडग्यात माती घेतली, गहू पेरले, दिवा लावला. आरती मात्र मनातल्या मनात म्हटली. काल स्वरतंतूवरची गाठ काढली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय, सात दिवस एक अक्षरही काढायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजताना गळ्यावर जास्त ताण येतो. आठव्या दिवसापासून रोज पाच मिनिटं, मग दहा. गाणं केव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी कागदावर लिहून विचारलं, तर फक्त हात हलवून ‘घाई नको’ असं सुचवलं.

नऊ वर्षं पाळणाघरात काम करतेय. वीस मुलांच्या गलक्यावर आवाज चढवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच गळ्यानं रियाज करायचा. गाठ एका दिवसात आलेली नाही.

दिवाळीला इथल्या भारतीय मंडळींचा कार्यक्रम असतो. यंदा मी ‘सौभद्र’ या संगीत नाटकातलं सुभद्रेचं पद म्हणणार होते. आता ते होणार नाही. दुपारी हा विचार आला आणि बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिले.

मग ठरवलं, बोलायचं नाही तर ऐकायचं. नाइटविश या फिनलंडच्या मेटल बँडचे सगळे अल्बम, पहिल्यापासून, क्रमानं. दोनच आठवड्यांपूर्वी, २० सप्टेंबरला, त्यांचा दहावा स्टुडिओ अल्बम ‘येस्टरविंड’ आलाय. ज्या गावात हा बँड जन्मला ते किते इथून सत्तरेक किलोमीटरवर आहे. इतकी वर्षं इथे राहून मी एकदाही तिथे गेलेली नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

‘एंजल्स फॉल फर्स्ट’, १९९७.

१९९६ च्या उन्हाळ्यात तुओमास होलोपाइनेन हा एकोणीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर तळ्यातल्या एका बेटावर शेकोटीपाशी बसला होता. तिथे त्याच्या मनात आलं, रात्रीच्या जंगलासारखं संगीत करावं. गिटार, कीबोर्ड आणि एका बाईचा आवाज, बस. ड्रम नाहीत, विजेची गिटार नाही. गिटारला एम्पू वुओरिनेन मिळाला आणि गाण्याला तारया तुरुनेन. तिघंही कितेच्या परिसरातली. त्या गावात प्लामेन दिमोव नावाचे बल्गेरियातून आलेले संगीतशिक्षक होते आणि ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली होती. एवढ्याशा गावातून असा बँड कसा निघाला, याचं निम्मं उत्तर मला त्या शाळेच्या वर्गात दिसतं.

त्यांनी तिघांत मिळून काही गाणी रेकॉर्ड केली आणि मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. तारया शास्त्रीय पद्धतीनं गायला शिकत होती आणि तिचा आवाज त्या हलक्या वाद्यमेळात मावत नव्हता. आता अशा वेळी एक तर गायिका बदलायची, नाहीतर तिला आवाज आवरायला सांगायचं. यांनी तिसरंच केलं. आवाजाला पुरेल एवढं घर बांधायला घेतलं. ड्रमवर युक्का नेवालाइनेन आला, गिटार विजेची झाली आणि शेकोटीचं संगीत मेटल झालं.

आज ऐकताना या पहिल्या अल्बममधलं कच्चेपण जाणवतं. काही गाण्यांत तुओमास स्वतः गातो. पुढे त्यानं गायक म्हणून कधीच माईक धरला नाही. आपला गळा कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे विशीत उमगणं ही मोठी गोष्ट आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

‘ओशनबॉर्न’, १९९८. ‘विशमास्टर’, २०००. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा.

नवऱ्यानं विचारलं, या संगीताला नेमकं म्हणतात काय. मी पाटीवर लिहिलं, सिंफनिक पॉवर मेटल. त्यानं भुवया उंचावल्या. पाटी लहान पडली म्हणून इथे लिहिते.

पॉवर मेटल म्हणजे वेग आणि चाल. ड्रमवाला दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो, त्यामुळे खाली सतत घोडदौड चालू असते. गिटार त्या दौडीला घट्ट चिकटून चालते. आणि या सगळ्यावर एक मोकळी, उंच, गुणगुणता येईल अशी चाल. खाली कितीही धावपळ असो, वरची चाल ठाय लयीतल्यासारखी लांब पावलं टाकते. ऐकणाऱ्याला जे भव्य वाटतं, ते या दोन गतींच्या फरकातून. सिंफनिक म्हणजे त्यात व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्यं, समूहगान. सुरुवातीच्या या अल्बमांत तो ताफा बहुतेक तुओमासच्या कीबोर्डमधूनच निघतो. संगीत नाटकात पायपेटीवर बसलेला एकच माणूस अख्ख्या प्रवेशाला आभाळ पुरवायचा, तसं.

‘ओशनबॉर्न’मध्ये तारया ऑपेरातल्यासारखी सुरांची कारंजी उडवते. मला त्यांना ताना म्हणावंसं वाटतं, पण त्या ताना नव्हेत. माझ्या तानेत स्वर एकमेकांत मिसळत जातात, तिच्यात प्रत्येक स्वर काचेच्या मण्यासारखा सुटा असतो.

२००० साली युरोव्हिजन स्पर्धेत फिनलंडकडून कोण जाणार हे ठरवणाऱ्या फेरीत त्यांनी भाग घेतला होता. प्रेक्षकांची मतं त्यांना सर्वांत जास्त पडली, परीक्षकांच्या गुणांनी ते मागे पडले. हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं, पण आज वाटतं, त्या वेळी जे श्रोते त्यांना मिळाले तेच पुढे टिकले.

मी हा बँड पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात, २००५ च्या सुमारास, वसतिगृहात. खोलीतल्या मैत्रिणीकडे एक सीडी होती, त्यात दीडशे गाणी कोंबलेली. त्यात ‘नेमो’ होतं. सुट्टीत मिरजेला गेले तेव्हा धीर करून ते माझ्या गाण्याच्या बाईंना ऐकवलं. बाईंनी पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, “हिचा सूर लागलाय. आजूबाजूला एवढा कल्लोळ आहे आणि ही त्यात घाबरलेली नाही.” त्यानंतर मी हे संगीत कधी लपूनछपून ऐकलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

‘सेंचुरी चाइल्ड’, २००२. यात पहिल्यांदा खरा वाद्यवृंद आला, आणि तो याच गावचा, योएन्सू शहराचा वाद्यवृंद. मी त्यांच्या मैफिलींना जाते. पांढऱ्या केसांचे वादक बघताना कित्येकदा मनात येतं, यांच्यातल्या कुणी त्या दिवशी व्हायोलिन वाजवलं असेल?

याच अल्बमला मार्को हिएताला आला. बास गिटार आणि दुसरा आवाज. खरखरीत, जाड, ओरडताना तुटेल असं वाटणारा, पण कधी न तुटणारा. तारयाच्या काचेच्या मण्यांशेजारी हा दगड ठेवला आणि दोघंही जास्त उठून दिसायला लागले. नाटकात नायिकेसमोर नायकाचा गळा तोलाचा लागतो, तसं झालं.

संध्याकाळी ‘वन्स’, २००४. वाद्यवृंद लंडनचा, त्याची मांडणी पिप विल्यम्स यांची. फिनलंडमध्येच नव्हे, जर्मनीतही हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ हे त्यातलं दहा मिनिटांचं गाणं मी आज तीनदा ऐकलं. त्यात एक जागा अशी आहे की सगळं थांबतं, फक्त वाद्यवृंद उरतो, आणि मग आवाज पुन्हा येतो तो खालच्या पायरीवरून चढत. ऐकताना माझा गळा आपोआप हलायला लागला. लक्षात येताच हातानं धरून थांबवला. आवाज निघत नसला तरी स्वरतंतू गाण्याबरोबर चालायला बघतात, हे मला या दिवसांत कळलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज पाच मिनिटं बोलले. पहिला शब्द ‘चहा’. आवाज माझा वाटला नाही. पातळ, हवा मिसळलेला.

आज अल्बम लावला नाही. २१ ऑक्टोबर २००५ या तारखेबद्दल वाचत बसले. त्या रात्री हेलसिंकीच्या हार्टवॉल अरेनात मोठी मैफल झाली, दौऱ्याचा शेवटचा मुक्काम. कार्यक्रम संपल्यावर बँडमधल्या चौघांनी तारयाला एक पत्र दिलं. आता तुझ्याबरोबर पुढे जाणं शक्य नाही, अशा अर्थाचं. मग ते पत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. तिनंही जाहीरपणे उत्तर दिलं.

वीस वर्षांपूर्वी मी तिच्या बाजूनं होते. मैत्रिणीशी तावातावानं भांडले होते. आज दोन्ही बाजूंचं वाचताना कुणाचा राग येत नाही. इतकी वर्षं तीच माणसं एका गाडीत, एका मंचावर, एका चिंतेत. तिचं लग्न झालेलं, तिला स्वतःचं गाणंही करायचं होतं. यांना वाटत होतं की तिचं मन इथे राहिलं नाही. दुखावलेली माणसं पत्र लिहितात तेव्हा ते बोलण्यापेक्षा कठोर उतरतं. आणि जगासमोर ठेवलेलं पत्र परत घेता येत नाही. चौघांनी ते खुलं करायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं. वेगळं होणं समजण्यासारखं होतं, चव्हाट्यावर होणं नव्हतं.

पण ‘एका युगाचा शेवट’ अशा अर्थाचं नाव देऊन त्याच मैफलीची फिल्म निघाली आणि ती बघताना कळतं, त्या रात्री एकाही गाण्यात कुणी कमी पडलेलं नाही. पत्र आधीच लिहून झालेलं होतं, तरी वाजवणाऱ्या चौघांनी हात आखडला नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

वाडग्यातले अंकुर वीतभर झाले. आपट्याची पानं इथे कुठली, म्हणून बर्चची पिवळी पानं शेजाऱ्यांना दिली.

दुपारी नागपूरची एक मुलगी आली, इथल्या विद्यापीठात शिकणारी. कार्यक्रमात सुभद्रेचं पद तिनं म्हणावं, असं मंडळींनी ठरवलंय. शिकवायचं मी. म्हणाली, “ताई, तुम्ही नुसतं पेटीवर दाखवा, मी पकडीन.” मी बाईंची वही काढली. त्या पदाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात ‘काळी चार’ लिहिलंय. त्याखाली माझ्या अक्षरात ‘काळी पाच’. पेटीवर काळी पाच धरली आणि पहिल्याच ओळीला मुलीचा आवाज वर जाऊन ओढला गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं, चूक तिची असल्यासारखं. मी मान हलवली आणि पट्टी काळी तीनवर आणली. तिथे तिचा आवाज बसला. बसला म्हणजे काय, पसरला.

ती गेल्यावर ‘डार्क पॅशन प्ले’ लावला, २००७. या अल्बमच्या वाद्यांचं रेकॉर्डिंग २००६ मध्येच सुरू झालं होतं, गायिकेचं नाव जाहीर झालं ते पुढच्या मे महिन्यात. आनेत्ते ओल्सोन, स्वीडनची. ऑपेराशी संबंध नाही, सरळ, उघडा, पॉपच्या वळणाचा आवाज. पहिलंच गाणं चौदा मिनिटांचं. त्यात मध्येच एका लहान मुलाचा आवाज येतो. तुओमासनं त्या गाण्यात स्वतःच्याच मरणाचं चित्र काढलंय, आणि ते गायला लावलंय कालपरवा घरात आलेल्या बाईला. आनेत्तेनं ते ओझं उचललं. नव्या गाण्यांत ती घरच्यासारखी वावरते. जुनी गाणी मंचावर आली की लोक तारयाचा आवाज मनात ठेवून ऐकायचे. कुठल्याही गायिकेला हे जड जाईल.

आपल्याकडे हे घडून गेलंय. किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला आणि सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. १९०१ मध्ये भाऊराव गेले तेव्हा मंडळीचं गाणंच संपलं, असं लोकांना वाटलं. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हा कोवळा मुलगा आला आणि आमच्या मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला. बालगंधर्वांनी भाऊरावांसारखं गायचा प्रयत्न केला असता तर आज आपल्याला दोघांपैकी कुणाचंच नाव एवढ्या मायेनं घेता आलं नसतं. पद तेच राहिलं, पट्टी त्यांनी स्वतःची धरली.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी

आभाळ गच्च. दूध आटवलं, चंद्राशिवायच प्यालो. आवाजाला आता वीस मिनिटांची परवानगी.

‘इमॅजिनेरम’, २०११. एक म्हातारा संगीतकार मरणाच्या दारात आहे आणि लहानपणाकडे परत जातोय. याची पुढे फिल्मही झाली. या अल्बमची गाणी आनेत्तेचा आवाज ओळखून घडलेली आहेत हे कानाला कळतं. एक गाणं तर धुरकट खोलीतल्या जॅझसारखं संथ. ते तारयानं गाऊच नये, इतकं आनेत्तेचं.

आणि मग २०१२ चा सप्टेंबर. अमेरिकेचा दौरा चालू असताना डेन्व्हरमध्ये आनेत्तेला रुग्णालयात न्यावं लागलं. बँडनं कार्यक्रम रद्द केला नाही. बरोबर दौऱ्यावर असलेल्या दुसऱ्या बँडसोबत गाणाऱ्या दोन गायिका मंचावर आल्या आणि जमेल तसं निभावून नेलं. आनेत्तेला हे पटलं नाही, तिनं तसं सांगितलं. तीनच दिवसांत, १ ऑक्टोबरला, वाटा वेगळ्या झाल्याचं जाहीर झालं.

हे मी गेल्या आठवड्यात वाचलं असतं तर नुसती माहिती म्हणून वाचलं असतं. आज वाचताना मी त्या रुग्णालयाच्या खाटेवर होते. आपण आडवे पडलेलो आहोत आणि चार गल्ल्यांपलीकडे आपली गाणी दुसरं कुणी गातंय. तिकिटं काढून आलेली माणसं दारात उभी आहेत हेही खरं, आणि आपलं दुखणं कुणी थांबून विचारलं नाही हेही खरं.

त्याच १ ऑक्टोबरच्या रात्री सिअ‍ॅटलला फ्लोर यान्सेन मंचावर उभी राहिली. नेदरलंड्सची, ‘आफ्टर फॉरेव्हर’ बँडमध्ये घडलेली. निरोप मिळाल्यापासून गाणी पाठ करायला तिला दोन दिवस मिळाले होते, त्यातलाही बराच वेळ विमानात. आणि ती काही ताजीतवानी नव्हती. वर्षभरापूर्वीच ती थकून पार कोलमडली होती, गाणं थांबवावं लागलं होतं. म्हणजे बुडणाऱ्या नावेत चढली तीही नुकतीच किनाऱ्याला लागलेली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत वाकेनच्या उत्सवात तिनं ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ गायलं, त्याचं चित्रण उपलब्ध आहे. रात्री दिवे घालवून ते पाहिलं. शेवटाकडे ती एक स्वर लांबवते, तारयानं लिहून ठेवल्यासारखी गायलेली जागा मोडून वर चढते. मूळ गाण्यात हे नाही. गाणं संपतं तेव्हा तिचा चेहरा हसतो की रडतो, कळत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ती कायमची बँडची झाली, आणि तिच्याबरोबर इंग्लंडचा ट्रॉय डोनॉकली, मशक आणि बासऱ्या घेऊन.

‘नेमो’ तिघींनीही गायलंय. आज तिन्ही एकापाठोपाठ एक ऐकलं. तारया लांब कड्यावर उभी राहून गाते. आनेत्ते समोर बसून सांगते. फ्लोर दोन्ही करते, आणि दोन्हींपेक्षा वेगळं काही. तिन्ही वेळा पियानोवर सुरुवातीला तेच चार-दोन स्वर येतात. तुओमासची बोटं तेवढी तशीच.

१९ ऑक्टोबर, शनिवार. किते

शेवटी आले. सकाळची गाडी, दोन्हीकडे पाइन आणि बर्च, पानं बहुतेक झडलेली. किते म्हणजे चर्च, बाजारपेठेचा एक रस्ता आणि पाणी. दुकानात दुधाच्या रांगेत उभी राहिले आणि वाटलं, इथल्याच कुणाच्या वर्गात ती मुलं असतील. ३१ डिसेंबर १९९७ ला त्यांची पहिली मैफल याच गावात झाली.

तळ्याकाठी बाकावर बसून ‘एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल’ ऐकला, २०१५. नाव डार्विनच्या ग्रंथाच्या शेवटच्या वाक्यातून घेतलंय. मधूनमधून जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचा वाचनाचा आवाज. शेवटचं गाणं चोवीस मिनिटांचं, पृथ्वीच्या जन्मापासून आपल्यापर्यंत. परीकथांत रमणारा तुओमास विज्ञानाकडे वळला तेव्हा मला भीती वाटली होती की जादू जाईल. गेली नाही. इथे पाण्याकडे बघत ऐकताना वाटलं, शेकोटीपाशी बसलेल्या मुलानं जंगलाकडे टक लावून पाहिलं होतं. आता त्यानं जंगल कसं झालं ते विचारलंय. प्रश्न बदलला, बसायची जागा तीच.

या अल्बमवर युक्का नेवालाइनेन नाही. पहिल्यापासूनचा ड्रमवाला. त्याला निद्रानाशानं इतकं ग्रासलं की २०१४ मध्ये तो बाजूला झाला. काई हाह्तो त्याच्या जागी बसला, आणि २०१९ मध्ये युक्कानं जागा कायमची सोडली. पण बँडच्या व्यवहाराचं काम तो करत राहिला. ज्याचे पाय त्या घोडदौडीमागे इतकी वर्षं होते, त्याला झोप येत नव्हती. आम्ही श्रोते तो आवाज ऐकून रात्री शांत झोपत होतो.

१९ डिसेंबर २०१५ ला लंडनच्या वेम्बली अरेनात त्यांची मैफल झाली, डॉकिन्सही मंचावर आले. कितेच्या त्या लहानशा मैफलीपासून तिथवर बारा दिवस कमी अठरा वर्षं.

संध्याकाळी गाडीची वाट बघताना कुणी आसपास नव्हतं. सा लावावासा वाटला. लावला नाही. घाई नको.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

‘ह्यूमन. नेचर.’, एप्रिल २०२०. सगळं जग दारं लावून बसलं होतं तेव्हा आलेला. दोन भाग. पहिल्यात माणसांची गाणी, दुसऱ्यात फक्त वाद्यवृंद, आठ तुकड्यांत निसर्ग. तेव्हा मी पाळणाघर बंद असल्यानं घरात होते आणि दुसराच भाग सतत लावायचे. आज पहिला जास्त भिडला.

जानेवारी २०२१ मध्ये मार्कोनं बँड सोडला. नैराश्य बरीच वर्षं सोबत आहे, हे त्यानं स्वतः लिहिलं. ज्याचा आवाज मला दगडासारखा वाटला होता, तो आतून असा झिजत होता. त्या मे महिन्यात बँडनं संगणकावर उभारलेल्या काल्पनिक मंचावरून मैफल केली, तेव्हा बासवर युक्का कोस्किनेन होता.

२०२२ मध्ये फ्लोरला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली, परत गायली. २०२३ च्या वसंतात बँडनं सांगितलं की येणाऱ्या अल्बमसाठी दौरा करणार नाही. म्हणून ‘येस्टरविंड’ आलाय, पण मैफल नाही. पूर्वी डेन्व्हरला एक रात्रसुद्धा थांबू न शकलेला हा बँड आता अख्खा दौरा थांबवतो. मला या बँडच्या अठ्ठावीस वर्षांतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, वेम्बलीपेक्षाही.

इतके दिवस मी या संगीताची भव्यता ऐकत होते. वाद्यवृंद, समूहगान, चोवीस मिनिटांचं गाणं. या तीन आठवड्यांत त्यामागची माणसांची शरीरं ऐकू आली. न झोपणारे डोळे, थकलेले गळे, रुग्णालयातली खाट. एवढं मोठं घर इतक्या नाजूक खांबांवर उभं आहे, आणि खांब वाकला की दुसऱ्यानं खांदा दिलाय. कधी प्रेमानं, कधी घाईत, कधी चुकीच्या रीतीनं. पण दिलाय. आणि यंदा तारया आणि मार्को पुन्हा एका मंचावर गाताहेत, हे वाचून माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाचाही निकाल लागला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कार्यक्रम झाला. शाळेचं सभागृह, साठेक माणसं, चकल्या आणि जिलेबी. मी पेटीवर, काळी तीन.

मुलीनं पहिली ओळ शिकवल्यासारखी म्हटली. दुसऱ्या ओळीत मी बाईंकडून घेतलेली एक हरकत आहे, मला फार प्रिय. तिथे ती आली आणि हरकत घेतलीच नाही. स्वर धरून उभी राहिली. सरळ, लांब, आणि मग हलकेच खाली उतरली. क्षणभर माझी बोटं जुन्या जागी गेली होती. ती मी उचलली आणि तिच्या स्वरामागे नेली. सुभद्रेचं दुःख त्या थांबण्यात जास्त होतं. हे बाईंना सांगायला हवं होतं, पण त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

नंतर ती धावत आली. म्हणाली, “ताई, ती जागा विसरले हो. सॉरी.” मी म्हटलं, “विसरलीस ते बरं झालं. आता कुणी विचारलं तर अशीच आहे म्हणून सांग.” एवढं वाक्य मी तीन आठवड्यांत प्रथमच एका दमात बोलले.

घरी येऊन वही उघडली. ‘काळी चार’, ‘काळी पाच’. त्याखाली तिच्याकडून ‘काळी तीन’ लिहून घ्यायचं राहिलं होतं, म्हणून मी वही पिशवीत घालून दाराशी ठेवलीय. सोमवारी तिला देणार. तिनं स्वतःच्या अक्षरात लिहावं. पानावर खाली अजून बरीच जागा आहे.